हरवलेल्या म्हशीचा जीएसटी नंबर

सरकारी रेडिओतून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "रेडिओ अजून चालू आहे का?" आणि दुसरा, "मग तुम्ही इतकी वर्षं तिथं करत काय होता?" पहिल्याचं उत्तर मी ठणकावून देतो. दुसऱ्यापाशी अडखळतो. नेमणूक कार्यक्रम अधिकारी म्हणून झाली होती, पण शेवटची काही वर्षं मी दुकानदारी केली, आणि तीही इतकी वाईट की जालन्याच्या मोंढा बाजारातला किरकोळ व्यापारीसुद्धा मला आपल्या पेढीवर बसवून घेणार नाही.

बाहेरच्या माणसासाठी थोडं उलगडून सांगतो. सरकारी रेडिओ जनतेच्या पैशावर चालतो. पगार, वीजबिल, मनोऱ्याला रंग, सगळं त्यातूनच. त्या बदल्यात आम्ही अशा गोष्टी सांगायच्या, ज्या सांगण्यासाठी दुसरं कोणी पैसे मोजणार नाही. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं काय करायचं, लस कोणत्या दिवशी, पुलावरून पाणी चाललंय का. आमचं केंद्र छोटं. एक मनोरा, एक स्टुडिओ, चहाची एक किटली आणि मोजून नऊ माणसं. सुखात चाललं होतं. मग वरून पत्र आलं की यापुढे अनुदान आटत जाईल, तेव्हा केंद्रांनी आपला खर्च आपण काढावा, मात्र लोकसेवेत तसूभरही कमी पडू देऊ नये. म्हणजे ज्याचे पैसे कोणी देत नाही म्हणून सरकार देत होतं, त्यातूनच आता पैसे काढायचे. हे पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायच्या आत त्या कामावर माझीच नेमणूक झाली.

नवा विभाग उघडला. विभागात मी, माझी जुनी खुर्ची आणि एक प्लास्टिकची फाईल. टेबलावरची लाकडी पाटी वाया जाऊ नये म्हणून तिच्या पाठीमागंच रंगवून घेतलं. एका बाजूनं 'कार्यक्रम', दुसऱ्या बाजूनं 'जाहिरात'. सकाळी मी जनतेचा, दुपारी जेवण झालं की पाटी फिरवायची आणि बाजाराचा व्हायचं. आमचे हंगामी उद्घोषक रशीदभाई दारातून डोकावत आणि विचारत, "साहेब, आज कोणत्या बाजूशी बोलायचं?"

रशीदभाईंबद्दल दोन शब्द. घरात उर्दू, माईकवर असं मराठी की माझ्या सासूबाई त्यांना कोणी शास्त्रीबुवा समजायच्या. महिन्यात मोजक्या पाळ्या मिळत, त्याही वरच्यांच्या मर्जीवर. हंगामी माणसाला काढायला कागद लागत नाही, नुसतं पुढच्या महिन्याच्या तक्त्यात नाव घालायचं नाही, झालं. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

तर मी जाहिराती आणायला निघालो. पहिली स्वारी घनसावंगीला, जीपमध्ये मागच्या बाजूला गुडघे पोटाशी घेऊन. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या एका दुकानात शिरलो आणि म्हणालो, "नमस्कार, मी रेडिओचा माणूस." मालकाचा चेहरा उजळला. आत हाक मारून त्यानं धुळीनं माखलेला एक जुना रेडिओ मागवला आणि माझ्यासमोर ठेवला. "नुसती खरखर करून राह्यलाय. बघा जरा, खर्चा किती येईल?" मी प्रसारणाच्या दहा सेकंदांचा दर समजावत होतो, तोवर शेजारच्या कापडवाल्यानं आपलाही आणून ठेवला. संध्याकाळी मी जालन्यात परतलो तेव्हा एकही जाहिरात नव्हती, पण पिशवीत दुरुस्तीचे दोन रेडिओ होते. ते मी आमच्या तंत्रज्ञाकडून करून घेतले आणि पुढच्या खेपेला परतही नेऊन दिले. कापडवाल्यानं चहा पाजला आणि म्हणाला, "काम बराबर केलं तुम्ही. हाच धंदा करा." नोकरीतल्या त्या विभागात मला मिळालेली ही एकमेव मनापासूनची शाबासकी.

पहिला खरा जाहिरातदार गावला तो वडीगोद्रीला, हमरस्त्यावर. बाबूशेठ, सरकी पेंड आणि पशुखाद्याचे व्यापारी. माणूस दिलदार, पण घासाघीस केल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. आमचा संध्याकाळी सहा पंचावन्नचा 'हरवलं-गवसलं' हा कार्यक्रम त्यांना हवा होता. हा कार्यक्रम म्हणजे पाच मिनिटांच्या फुकट घोषणा. कोणाचा बैल दावं तोडून गेला, कोणाला गाय सापडली, कोणाची कागदपत्रांची पिशवी एसटीत राहिली. पोस्टकार्डावर यायच्या, फोनवर यायच्या, पुष्कळ लोक येऊन सांगून जायचे. जनावरंवाली माणसं हमखास ऐकतात, हे बाबूशेठनं ओळखलं होतं. त्यांनी जाहिरात स्वतःच सुचवली. आधी गळ्यातली घंटा, मग म्हशीचं हंबरणं, मग पेंडीचं नाव. फक्त एक अडचण त्यांनी मांडली. "साहेब, जाहिरात माझी खुशीची हाय. तिच्या आगंमागं तुमी मेलं, हरवलं, चोरीला गेलं असं लावू नका."

"शेठ, कार्यक्रमाचं नावच 'हरवलं' आहे."

"मंग गवसलेलं जास्ती लावा ना."

आता माझी हुशारी ऐका. बैठकीत वरिष्ठांनी विचारलं, या कार्यक्रमातून अजून काय काढता येईल? मी हात वर केला. शाळेपासूनची खोड, उत्तर येत नसलं तरी हात वर. म्हणालो, घोषणाही फुकट कशाला? नाममात्र शुल्क लावू, रीतसर नोंदणी अर्ज ठेवू, पैसे ऑनलाइन घेऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्ज तयार करायचं कामही मलाच मिळालं आणि मी तो दहा मिनिटांत केला, कारण मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींसाठी असलेला अर्ज उचलला आणि वरचं शीर्षक तेवढं बदललं. विनामूल्य घोषणा बंद, असा आदेश काढला आणि खाली लफ्फेदार सही केली.

पुढच्या महिनाभरात 'हरवलं-गवसलं'साठी एकही नोंदणी झाली नाही. एकसुद्धा नाही! जिल्ह्यातली जनावरं जणू एका रात्रीत शिस्तीला लागली. रिकाम्या जागेत आम्ही सनईचं ध्वनिमुद्रण आणि बाबूशेठची म्हैस आलटून पालटून वाजवत राहिलो. जाहिरातीची मिनिटं वाढली म्हणून उत्पन्न वाढलं आणि मला प्रशंसापत्र आलं. ते मी काचेच्या चौकटीत घालून टेबलामागं लावलं. लाज वाटायची ती नंतर वाटली. तेव्हा छाती फुगली होती, हे कबूल करतो.

अशात एका दुपारी हसनाबादहून कौसाबाई आल्या. साठीच्या बाई, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, उन्हानं लाल झालेला चेहरा. टेबलावर पाटीची बाजारवाली बाजू होती. त्या पाटीकडं न बघता समोर बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माझी म्हैस गेली हो. काल सकाळी सोडली चरायला, तं परत आलीच न्हाई. एकलीच हाय माझी. दूध घालून चालतं माझं सगळं. रेडिओवर सांगा तेवढं."

मी ऐटीत संगणकावर अर्ज उघडला.

"मावशी, उत्पादनाचं नाव?"

"कशाचं?"

"म्हणजे... म्हशीचं नाव सांगा."

"राधी."

उत्पादन, राधी. जाहिरातदार संस्था, कौसाबाई. वर्णन त्यांनी सांगितलं, डाव्या कानाला खाच, शिंगं मागं वळलेली, शेपटीचा गोंडा पांढरा. पुढचा रकाना जीएसटी क्रमांकाचा. शेजारी तांबडा तारा, म्हणजे तो भरल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. हा तारा मी काढायचा विसरलो होतो. खरं सांगायचं तर तो अर्ज मी पूर्ण वाचलाच नव्हता.

"मावशी, जीएसटी नंबर आहे का हो?"

बाईंनी मनापासून विचार केला. "नंबर व्हता साहेब. दवाखान्यावाल्यांनी कानात पिवळा बिल्ला मारल्ता, त्याच्यावर व्हता. काटेरी तारेत अडकून कान फाटला, तवा बिल्ला बी गेला."

त्यांनी कमरेची गाठ सोडून पैसे पुढं केले. पण प्रश्न पैशांचा नव्हताच. त्या द्यायला तयार होत्या, मलाच घेता येईना. रोख घ्यायची नाही हा नियम, तोही माझाच.

रशीदभाई दाराशी उभे राहून ऐकत होते. "साहेब, दोन ओळी तर हायेत. वाचून टाकतो ना मी."

"आणि नोंदवहीत काय लिहायचं?" आमच्याकडं हवेत गेलेल्या प्रत्येक सेकंदाची नोंद एका वहीत होते, काय वाजलं आणि का वाजलं.

"म्हैस लिहा," रशीदभाई म्हणाले.

मी हसलो आणि चौकटीतल्या प्रशंसापत्राकडं पाहिलं. विनामूल्य घोषणा बंद, हे माझ्याच सहीनं निघालेलं. मी म्हणालो, "मावशी, मी वर विचारून घेतो. तुम्ही रोज सहा पंचावन्नला रेडिओ ऐका. उद्या नाहीतर परवा नक्की सांगतो आम्ही."

"तुमच्या भरोशावर जाते मंग," असं म्हणून त्या पिशवी घेऊन उठल्या.

मी खरोखरच वर विचारलं. विषय, 'हरवलेल्या म्हशीची घोषणा लोकसेवा समजावी की व्यापारी, याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत.' पत्र झकास उतरलं होतं. मी ते केंद्रातल्या दोघांना वाचूनही दाखवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं नाही. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही. रोज सहा पंचावन्नला घंटा वाजायची, म्हैस हंबरायची, पेंडीचं नाव यायचं, सनई लागायची. रशीदभाई माझ्याकडं बघायचे आणि मी संगणकात तोंड घालायचो. चौथ्या दिवशी जाताना ते म्हणाले, "साहेब, भैंस का मामला है. फाइल का इंतजार नै करती वो."

पाचव्या संध्याकाळी सनई मध्येच बंद झाली. रशीदभाईंचा आवाज आला, शांत, नेहमीसारखा. "हसनाबादच्या कौसाबाई यांची राधी नावाची म्हैस हरवली आहे." कान, शिंगं, गोंडा, सगळं सांगितलं आणि वर केंद्राचा फोन नंबर दोनदा. मी काचेच्या अलीकडं चहा पीत होतो. त्यांना थांबवलं नाही याचं श्रेय मी पुढं बऱ्याच ठिकाणी घेतलं, पण खरं असं की माझ्या तोंडात बिस्किट होतं आणि ते गिळेस्तोवर घोषणा संपली होती.

सात वाजायच्या आत फोन आला. नदीपलीकडच्या वस्तीवरचे किसनराव म्हणून कोणी म्हातारे गृहस्थ.

"ती म्हैस तं माझ्याकडं व्हती ना साहेब."

मी उडालोच. "होती म्हणजे?"

"चार दिवस व्हती. आपसूक आल्ती वस्तीवर. बांधली, चारापाणी केलं. दूध बी काढलं, खोटं कशाला बोलू. अन् रोज तुमचा रेडू लावून बसलो. म्हन्लं, ज्याची असंल त्यो सांगंल. पहिले यायचं ना तुमच्यावर, कोणाचं काय हरवलं ते? आता तुमी नुस्ती पेंडच लावून राह्यले. तुमची जाहिरातीतली म्हैस वरडली की ही बी दाव्याला हिसके देऊन वरडायची."

"अहो, मग आता कुठंय ती?"

"आज सकाळीच सोडून दिली. म्हन्लं हिला कोणी मालक दिसत न्हाई, जाईल आपल्या पायानं घराला."

फोन ठेवला. रशीदभाई समोर उभे होते. नदीच्या एका बाजूला म्हशीची मालकीण रेडिओ लावून बसली होती, दुसऱ्या बाजूला म्हैस सांभाळणारा रेडिओ लावून बसला होता. दोघांचाही रेडिओ चालू, दोघांचंही केंद्र एकच, वेळही तीच. मधे फक्त मी होतो, माझ्या तांबड्या ताऱ्यासकट. इतकी वर्षं आम्ही भाषणांत सांगायचो की रेडिओ माणसं जोडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी आणि रशीदभाई हसनाबादला गेलो. राधी घरी आली नव्हती. दोन दिवस आम्ही, किसनराव आणि गावातली पाच-सहा माणसं नदीचा काठ, ओढे, उसाचे फड पालथे घालत होतो. आठवडी बाजारात चौकशी केली. कोणी म्हणालं टेम्पोत पाहिली, कोणी म्हणालं ती दुसरीच. म्हैस मिळाली नाही. कधीच मिळाली नाही.

निघताना मी कौसाबाईंच्या ओट्यावर बसलो. अंगणात खुंटा आणि रिकामं दावं. म्हटलं, आता बाई शिव्या देतील, देऊ देत. त्यांनी पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "पुतण्या म्हणत व्हता, काकू, नदीपल्याड जाऊन बघू. मीच न्हाई म्हन्लं. साहेब ऐका म्हन्लेत, रेडिओ काय खोटं बोलतो व्हय? बसले मंग घरीच ऐकत."

शिव्या बऱ्या असत्या. मला त्या ओट्यावर रडू आलं. रशीदभाईंनी पाठीवर हात ठेवला आणि बस चुकेल म्हणून उठवलं.

केंद्रावर आल्यावर मी अर्ज उघडला आणि तो तांबडा तारा काढला. तीन मिनिटं लागली. वर विचारायची गरज नव्हती, विभागाचा प्रमुख मीच होतो. मग शुल्काचा रकाना काढला, मग अख्खा अर्जच काढून टाकला आणि माझाच आदेश मीच रद्द केला. बाबूशेठकडं जाऊन सांगितलं की तुमची म्हैस आता कार्यक्रमाच्या शेवटी अर्धं मिनिट, आधी लोकांची. सगळी हकिकत त्यांनी ऐकून घेतली. डोळे पुसले. मग म्हणाले, "बिलकुल बराबर हाय साहेब. दर मंग निम्मा करा."

उत्पन्न घसरलं. 'आपल्या विभागाच्या अधोगतीबाबत खुलासा करावा' असं पत्र आलं. तेही मी चौकटीत घालून पहिल्याच्या शेजारी लावलं. रशीदभाईंच्या विनापरवाना घोषणेचीही चौकशी निघाली. तेव्हा मात्र मी आयुष्यात एकदाच धडधडीत खोटं लिहिलं, की घोषणा माझ्या तोंडी सूचनेवरून झाली. त्यांच्या पाळ्या टिकल्या. दोन महिन्यांनी माझ्या मूळ पत्राचं उत्तरही आलं. 'कृपया म्हशीचा तपशील विहित नमुन्यात सादर करावा.'

नोकरी संपायला एक आठवडा राहिला होता तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, पाटी बाजारवाल्या बाजूला. दारात कौसाबाई. थोड्या वाकल्या होत्या, पिशवी तीच.

"साहेब, एक म्हैस सापडली. काल सांजच्याला आल्ती दारात. गाभण हाय. जिची असंल तिचा जीव टांगणीला लागला असंल हो."

"कुठं बांधलीत?"

"खुंटा रिकामाच हाय की."

मी कागद ओढला. वर्णन लिहून घेतलं आणि सवयीनं विचारलं, "मालक येईपर्यंत किती दिवस सांभाळाल, मावशी? घोषणेत सांगावं लागतं."

"तुमचं सांगणं व्हईस्तोवर सांभाळीन," त्या म्हणाल्या. "म्हैना लागू द्या. तुमाला येळ लागतो, मला म्हाईत हाय."

टोमणा नव्हता. माझी अडचण समजून घेऊन बोलत होत्या. म्हणूनच ते काळजात घुसलं.

तेव्हा सव्वातीन वाजले होते. सहा पंचावन्नला जवळजवळ पावणेचार तास बाकी. मी कागद घेऊन उठलो आणि स्टुडिओत गेलो. पाळी रशीदभाईंची होती आणि एका कोचिंग क्लासची जाहिरात चालू होती, आगाऊ पैसे भरलेली, केंद्रातली सगळ्यात महागडी. मी हातानं खूण केली. त्यांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि जाहिरात मध्येच तोडली. माईकसमोरची खुर्ची रिकामी करून दिली. कित्येक वर्षांत मी माईकवर बोललो नव्हतो. आवाज फाटला, तरी वाचलं. हसनाबाद, कौसाबाई, गाभण म्हैस, उजव्या शिंगाचं टोक तुटलेलं. दोनदा वाचलं.

बाहेर आल्यावर रशीदभाईंनी वही पुढं सरकवली. जाहिरात तोडली तर कारण लिहावंच लागतं. मी लिहिलं, 'म्हैस', आणि सही केली.

त्याच संध्याकाळी भोकरदनकडून मालक येऊन म्हैस घेऊन गेला. कौसाबाईंनी पुतण्याच्या मोबाईलवरून फोन करून कळवलं, "साहेब, लई जल्दी सांगितलं तुमी ह्या टायमाला." मी म्हटलं, हो मावशी. मग त्यांनी फोन ठेवला. खुंटा पुन्हा रिकामा झाला होता.